जिऑलॉजी करून ऑइलमध्ये जायचंय? आधी फ्रॅक्चर समजून घ्या

दरवर्षी रिझल्ट लागले की सोलापूरहून कुणाचा ना कुणाचा फोन येतोच, ताई जिऑलॉजी झालंय, ऑइल अँड गॅसमध्ये जायचंय, कुठलं सॉफ्टवेअर शिकू? सॉफ्टवेअरचं नाव सांगून फोन ठेवणं सगळ्यात सोपं, पण त्यानं काही होत नाही, कारण बटणं दाबायला कंपनी स्वतःच शिकवते, दगडाच्या आत काय चाललंय ते कुणी शिकवत बसत नाही. मी केगावला आपल्या सोलापूर विद्यापीठात अप्लाइड जिऑलॉजी केलं, मग पेट्रोलियमकडे वळले, आणि आता अहमदाबादेत रिझर्व्हॉयरचं, म्हणजे तेल-गॅस साठवून ठेवणाऱ्या जमिनीखालच्या खडकांचं काम करते, त्यात बराचसा वेळ नैसर्गिक फ्रॅक्चर म्हणजे भेगा असलेल्या खडकांवर जातो. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते, पुढच्या वेळी फोन आला की हेच पाठवेन.

हाच विषय का तर, जगातला निम्म्याहून जास्त तेलसाठा कार्बोनेट म्हणजे चुनखडी-डोलोमाइट जातीच्या खडकात आहे असं धरलं जातं आणि त्यातल्या कितीतरी खडकांना कमीजास्त फ्रॅक्चर असतातच. इराणमध्ये १९०८ ला मस्जिद सुलेमानला तेल लागलं ते फ्रॅक्चर असलेल्या आस्मारी चुनखडीत. इराकचं किर्कुक तसंच. म्हणजे मध्यपूर्वेतल्या तेलाची सुरुवातच भेगा पडलेल्या दगडातून झालीय, आणि तरी आपल्याकडच्या सिलॅबसमध्ये हा विषय शेवटच्या युनिटमध्ये कुठंतरी, परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायचा. आपल्या पोरांना तर यात एक फायदा आहे जो किनारपट्टीच्या किंवा गंगेच्या गाळातल्या पोरांना नसतो, तो म्हणजे बोअर.

सोलापुरात वाढलेल्या माणसाला फ्रॅक्चर्ड रॉक समजावून सांगायची गरजच नाही खरं तर. आमचं शेत मंद्रूपकडं, तिथं चुलत्यांनी बोअर घेतली तेव्हा पाणाड्या नारळ हातावर धरून फिरला, गाडी आली, रात्रभर हातोडा चालला, वर नुसता काळा धुरळा, आणि शेजारच्या बांधावर, अगदी हाकेच्या अंतरावर, दोन इंच पाणी. असं घराघरात घडलेलं असतं. का होतं ते भूगर्भशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर आपल्याखाली दख्खनचा बेसॉल्ट आहे, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, एकावर एक लाव्हाचे थर. त्यातला जो अखंड काळा पाषाण आहे त्याच्या अंगात पाणी धरायला जागाच नाही म्हटलं तरी चालेल. पाणी असतं वरच्या मुरमात, थरांच्या मधल्या जागेत, आणि भेगांमध्ये. बोअरला भेग लागली आणि ती भेग पुढं कुठल्यातरी भरलेल्या जागेला जोडलेली असली तर पाणी, नाहीतर खर्च वाया. म्हणजे कनेक्टिव्हिटी काय असते, एका दिशेला खडक कसा सढळ हाताने देतो आणि दुसऱ्या दिशेला कसा हात आखडतो, दोन विहिरींमध्ये काही फुटांत चित्र कसं बदलतं, हे सगळं तुम्हाला लहानपणापासून माहितीय, फक्त त्याला ॲनिसोट्रॉपी आणि हेटरोजिनिटी म्हणतात एवढंच नवीन.

आता खरी गोष्ट. हे बोअरचं ज्ञान निम्म्यापर्यंतच साथ देतं, पुढं तेच फसवतं. तेलाच्या बहुतेक फ्रॅक्चर्ड रिझर्व्हॉयरमध्ये तेल भेगेत नसतं, भेगांच्या मधल्या दगडात असतं, त्या दगडाला आम्ही मॅट्रिक्स म्हणतो. भेग फक्त वाट आहे. बोअरवाला माणूस विचारतो भेग कुठंय, रिझर्व्हॉयरवाल्या माणसाने विचारायचं असतं की दगड भेगेला किती देतोय आणि किती वेळाने देतोय. मी इंटरव्ह्यू घ्यायला बसते तेव्हा एवढं एक ज्याला कळलंय तो पोरगा किंवा पोरगी लगेच वेगळी दिसते, बाकीचे सगळे फ्रॅक्चर म्हटलं की भेगच मोजत बसतात.

हे नुसतं वाचून पटत नाही, म्हणून वहीत एक हिशोब करा. एक घनमीटर चुनखडीचा ठोकळा घ्या, पोरॉसिटी १० टक्के धरा, म्हणजे त्या दगडाच्या बारीक छिद्रांत १०० लिटर द्रव मावतो. आता त्याला एकच सपाट भेग, रुंदी ०.१ मिलिमीटर. कागदाच्या जाडीएवढी. तिच्यात किती मावेल? १०० मिलिलिटर. म्हणजे लिटरचा दहावा भाग. तिन्ही दिशांना एकेक भेग दिली तरी ३०० मिलिलिटर. साठा कुठंय ते दिसलं ना. आता वाहण्याचं बघा. परमिॲबिलिटी म्हणजे खडकातून द्रव किती सहज वाहतो ते, मिलिडार्सी हे तिचं माप. सपाट भेगेची स्वतःची परमिॲबिलिटी येते रुंदीचा वर्ग भागिले बारा, आणि भेगेतून जाणारा एकूण प्रवाह रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, याला क्युबिक लॉ म्हणतात. दर मीटरला अशी एक ०.१ मिलिमीटरची भेग असली तर सगळ्या खडकाची मिळून परमिॲबिलिटी येते जवळपास ८४ मिलिडार्सी, आणि मधला दगड बिचारा १ मिलिडार्सीचा असू शकतो. भेग ०.२ मिलिमीटर केली तर साठा फक्त दुप्पट होतो, १०० चे २०० मिलिलिटर, पण प्रवाह आठपट, परमिॲबिलिटी ६७० मिलिडार्सीच्या पुढं. उलटंही तेवढंच खरं, रिझर्व्हॉयरमधलं प्रेशर उतरत गेलं की वरच्या खडकाचं ओझं भेगेवर येतं, ती मिटत जाते, आणि रुंदी निम्मी झाली की प्रवाह आठव्या हिश्शावर. खऱ्या भेगा अशा गुळगुळीत नसतात, खडबडीत असतात, मध्येच कॅल्साइटने भरलेल्या असतात, त्यामुळे आकडे जसेच्या तसे घेऊ नका, पण पोरॉसिटीचं आणि परमिॲबिलिटीचं हे जे फारकत घेणं आहे ते डोक्यात पक्कं बसवा.

आता या फारकतीमुळे विहिरीचं काय होतं? सुरुवातीला विहीर जोरात वाहते, सगळे खूश, मॅनेजमेंटला वाटतं लॉटरी लागली. हे भेगांमधलं आणि भेगांच्या लगतच्या दगडातलं तेल. ते लवकर संपतं. मग उत्पादन घसरतं, आणि खाली पाणी असेल किंवा तेल ढकलायला बाजूच्या विहिरीतून आपण पाणी सोडत असू तर ते भेगेतून पळत पळत विहिरीत येतं, त्याला ब्रेकथ्रू म्हणायचं, वॉटर कट म्हणजे निघणाऱ्या द्रवातला पाण्याचा वाटा वाढतो, आणि दगडातलं तेल आहे तिथंच. जास्त जोर लावून उपसलं तर पाणी आणखी लवकर वर येतं. बोअरला सलग मोटर चालवून जे होतं त्यापेक्षा हे वाईट, कारण बोअर पावसाळ्यात परत भरते.

मग दगडातलं तेल बाहेर कसं काढायचं? इथं मला हा विषय सगळ्यात जास्त आवडतो. दगड वॉटर-वेट असेल, म्हणजे त्याच्या कणांना तेलापेक्षा पाण्याची ओढ जास्त असेल, तर भेगेतलं पाणी दगड आपणहून शोषून घेतो आणि तेवढंच तेल भेगेत ढकलतो. याला इम्बिबिशन म्हणतात. लॅबमध्ये बघायचा चान्स मिळाला तर सोडू नका, तेलानं भरलेला कोअर प्लग, म्हणजे विहिरीतून काढलेल्या खडकाचा छोटा दंडगोल, ॲमॉट सेल नावाच्या काचेच्या भांड्यात पाण्यात ठेवतात आणि काही वेळाने दगडाच्या अंगावर तेलाचे बारीक थेंब घाम फुटल्यासारखे येतात, सुटून वरच्या नळीत जमतात, कुणी पंप लावलेला नसतो काही नाही. आणि दगड ऑइल-वेट असेल तर? तोच प्लग दिवसेंदिवस पाण्यात ठेवा, ढिम्म. बऱ्याच कार्बोनेट रिझर्व्हॉयरचं दुखणं हेच आहे, ते ऑइल-वेट किंवा अधलेमधले असतात, मग सर्फॅक्टंट म्हणजे साबणासारखी रसायनं घालून वेटॅबिलिटी, म्हणजे दगडाची ही ओढ बदलायची वगैरे खटाटोप सुरू होतो.

इम्बिबिशनमध्ये एक गोष्ट नवीन लोकांच्या नजरेतून सुटते. वेळ. ठोकळ्याचा आकार दुप्पट झाला तर तेल बाहेर यायला लागणारा वेळ चौपट होतो, पाचपट आकाराला पंचवीसपट. म्हणजे भेग किती रुंद आहे यावर विहीर किती जोरात वाहणार ते ठरतं, पण भेगा किती जवळजवळ आहेत यावर तुमच्या हयातीत किती तेल निघणार ते ठरतं. अंतर. सगळे रुंदीच्या मागं असतात कारण रुंदी दिसते, आणि मला विचाराल तर पैसा अंतरात आहे.

एकोफिस्कची गोष्ट यासाठी मुद्दाम वाचा. नॉर्वेच्या समुद्रातलं फील्ड, १९६९ ला सापडलं, १९७१ ला उत्पादन सुरू. खडक चॉक, म्हणजे खडूचाच, पोरॉसिटी ३० ते ४० टक्के पण मॅट्रिक्सची परमिॲबिलिटी अगदी थोड्या मिलिडार्सीची, आणि भरपूर फ्रॅक्चर. सुरुवातीचा अंदाज होता की १८ टक्क्यांच्या आसपास तेल निघेल. पाणी सोडायला लोक घाबरत होते, भेगांतून सरळ विहिरीत येईल म्हणून, आणि भीती चुकीची नव्हती. मग लॅबमध्ये आणि फील्डवर पायलट करून बघितलं, तो चॉक पाणी छान शोषत होता, आणि १९८७ पासून मोठ्या प्रमाणावर समुद्राचं पाणी सोडायला सुरुवात झाली. आता तिथं निम्म्याच्या आसपास तेल निघेल असं धरतात. त्याच काळात अजून एक भानगड झाली, प्रेशर उतरल्यामुळे तो मऊ खडू दबत गेला आणि वरचा समुद्रतळच खाली बसला, १९८४ ला ध्यानात आलं तेव्हा तीनेक मीटर बसला होता, आणि १९८७ मध्ये प्लॅटफॉर्म जॅक लावून सहा मीटर उचलले! हजारो टनाचे प्लॅटफॉर्म, समुद्रात. गंमत अशी की पाणी सोडून प्रेशर सावरलं तरी बसणं लगेच थांबलं नाही, कारण समुद्राच्या पाण्याने चॉक आणखी मऊ होतो. आणि तो दबला म्हणून त्यातलं तेलही पिळून निघालं, म्हणजे नुकसान आणि फायदा एकाच कारणातून.

याच्या उलट टेक्सासचं स्प्रेबरी. तेल अफाट, मॅट्रिक्स एक मिलिडार्सीच्याही खाली, १९५० च्या दशकात पाणी सोडून बघितलं तर ते ईशान्य-नैऋत्य भेगांच्या रांगेतून सुसाट गेलं. इम्बिबिशनवरचं बरंचसं जुनं काम या फील्डमुळेच झालं. त्यातून शिकायचं ते असं, की पाणी सोडणारी विहीर आणि तेल काढणारी विहीर एकाच भेगेच्या रांगेत कधी ठेवू नये, रांगेला आडवं ढकलायचं. ऐकायला किती साधं वाटतं, पण भेगांची दिशा आधी माहिती असली तर ना.

गॅसवाला प्रकार वेगळा. भेगांमध्ये गॅस भरला की दगडातलं तेल स्वतःच्या वजनाने खाली गळतं, याला ग्रॅव्हिटी ड्रेनेज म्हणतात. इथं हिशोब उलटा होतो बघा, इम्बिबिशनला लहान ठोकळे बरे आणि ग्रॅव्हिटीला उंच ठोकळे बरे, कारण ठोकळा बुटका असला तर केशाकर्षणाने धरून ठेवलेलं तेल सुटतच नाही. मेक्सिकोचं कँटारेल, एका मच्छीमाराच्या नावावरून नाव पडलेलं, १९७६ ला सापडलं. २००० पासून तिथं नायट्रोजन सोडला, २००४ ला दिवसाला २० लाख बॅरलच्या पुढं उत्पादन गेलं आणि मग काही वर्षांतच ते निम्म्याहूनही खाली आलं. गॅसची पातळी खाली सरकत आली, मधला तेलाचा थर पातळ होत गेला, आणि ज्या भेगांनी इतकं वेगानं तेल दिलं त्याच भेगांनी संपवलंही वेगानं. नायट्रोजन सोडला हे चुकलं असं काही जण म्हणतात, मला तसं वाटत नाही, पण त्या वादात इथं पडत नाही.

आता थिअरी. १९६० ला बारेनब्लाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रशियात दुहेरी पोरॉसिटीची कल्पना मांडली, १९६३ ला वॉरन आणि रूट यांनी ती तेलाच्या विहिरीला लावली. कल्पना अशी की एकाच जागी दोन माध्यमं आहेत, भेगा आणि दगड, आणि दोघांत देवाणघेवाण चालू आहे. चित्रात सारखे ठोकळे रचलेले दिसतात म्हणून त्याला शुगर क्यूब मॉडेल म्हणतात. त्यात दोन आकडे येतात, ओमेगा म्हणजे एकूण साठ्यातला भेगांचा वाटा, आणि लॅम्डा म्हणजे दगड भेगेला किती सहज देतो ते. विहीर काही वेळ बंद ठेवून प्रेशर चढताना मोजलं आणि त्याचा डेरिव्हेटिव्ह काढला तर मध्येच एक खळगा दिसतो, भेगा दमल्या आणि दगडाने हातभार लावायला सुरुवात केली तो क्षण. पाठ्यपुस्तकात हा खळगा इतका देखणा असतो की पोरं प्रत्येक ग्राफमध्ये तो शोधायला लागतात. थर वेगवेगळे असले तरी असा खळगा येऊ शकतो, विहिरीच्या पाइपमधल्या द्रवामुळे सुरुवातीचा भाग झाकला जाऊ शकतो, म्हणून खळगा दिसला म्हणजे फ्रॅक्चर सिद्ध झालं असं रिपोर्टमध्ये कधी लिहू नका. सोबत दुसरा पुरावा पाहिजे.

तो पुरावा कुठून येतो? ड्रिलिंग चालू असताना मड, म्हणजे विहिरीत फिरवत ठेवलेला चिखलासारखा द्रव, अचानक गायब होतो, भेगेत जातो, त्याला मड लॉस म्हणतात, आणि मडलॉगरची नोकरी ही फ्रेशरला बऱ्याचदा पहिली मिळणारी नोकरी, बारा-बारा तासांची शिफ्ट, लोक नाकं मुरडतात, पण कुठल्या खोलीवर किती मड गेला हे स्वतः लिहून काढलेल्या माणसाला पुढं फ्रॅक्चर शिकवावं लागत नाही. मग इमेज लॉग, विहिरीच्या भिंतीचा विजेच्या रोधावरून काढलेला फोटोच समजा, त्यात तिरकी भेग साइन कर्व्हसारखी दिसते, वॉटर बेस मड असेल तर उघडी भेग गडद आणि खनिजानं भरलेली फिकट. त्यातच ड्रिलिंगमुळे नवीन पडलेल्या भेगाही दिसतात, समोरासमोर दोन उभ्या रेघा, त्या नैसर्गिक म्हणून मोजल्या की झालंच, पण त्यांच्यावरून जमिनीतल्या सगळ्यात मोठ्या आडव्या दाबाची दिशा कळते म्हणून त्या फेकून द्यायच्या नाहीत. आणि एक साधी भूमिती, उभ्या विहिरीला उभ्या भेगा लागतच नाहीत किंवा फार कमी लागतात. कोअरमध्ये भेगा नाहीत म्हणून खडकात भेगा नाहीत असं होत नाही. ही कमी पडलेली मोजणी भरून काढणारं टेरझाघी करेक्शन यासाठीच असतं, ते नुसतं पाठ करू नका, कागदावर रेघा काढून त्यावर पट्टी फिरवून बघा, का लागतं ते लगेच कळतं.

सगळीच रिझर्व्हॉयर एका माळेत ओवायची नाहीत, हे नेल्सनच्या वर्गीकरणातून कळतं. टाइप एक म्हणजे साठाही भेगेत आणि वाहणंही भेगेत, टाइप दोन साठा दगडात वाहणं भेगेत, टाइप तीन मध्ये दगड स्वतःही वाहतो आणि भेगा मदत करतात, टाइप चारमध्ये भेगा भरलेल्या, उलट अडथळाच. व्हिएतनामचं बाख हो हे ग्रॅनाइटमधलं फील्ड टाइप एकच्या जवळचं, तिथं बोअरचं ज्ञान जसंच्या तसं चालतं. आणि आपल्या जवळचं म्हणाल तर गुजरातेत वडोदऱ्याजवळ पाद्रा, तिथं तेल चक्क डेक्कन ट्रॅपमधून निघतं! आपल्याच बेसॉल्टमधून. राजस्थानात बाडमेरला रागेश्वरी डीपमध्ये ज्वालामुखी खडकातून गॅस काढतात, तिथं नैसर्गिक भेगांवर भागत नाही, हायड्रॉलिक फ्रॅक्चरिंग करावं लागतं. १९७४ ला सापडलेल्या मुंबई हायचं मुख्य तेल चुनखडीतलं असलं तरी खालच्या बेसमेंटमधूनही, म्हणजे तळाच्या जुन्या कठीण खडकातूनही, काही विहिरींनी तेल दिलंय.

हे घरी सांगितलं तर चुलते म्हणाले, "अगं मग आपल्या शेतात बी तेल लागंल की, दगड तोच हाय म्हनतीस." दगड तोच आहे ओ अण्णा, पण पाद्र्याला खंबातच्या खोऱ्यातला जाड गाळाचा खडक आहे, त्यातल्या सेंद्रिय शेलमध्ये तेल तयार झालं आणि सरकत सरकत भेगाळलेल्या ट्रॅपमध्ये शिरलं, वर झाकण बसलं. आपल्याकडं ट्रॅपच्या वर काळी माती आणि त्यावर ज्वारी. भेगा असणं पुरेसं नाही, भरणारं कुणीतरी पाहिजे.

बरं, प्रत्यक्ष काय करायचं. मॅथ्सपासून पळू नका, डिफरन्शियल इक्वेशन आणि थोडं पायथन एवढं आलंच पाहिजे, जिऑलॉजीची पोरं इथंच मागं पडतात आणि इंजिनिअरिंगची पोरं दगड हातात घेत नाहीत म्हणून मागं पडतात, तुम्ही दोन्ही केलं तर जागा मोकळीच आहे. महागडी सॉफ्टवेअर क्रॅक करून वापरू नका, ओपीएम फ्लो हा सिम्युलेटर आणि रेझइनसाइट हा व्ह्यूअर दोन्ही फुकट आणि ओपन सोर्स आहेत, मॅटलॅब येत असेल तर एमआरएसटी आहे. एसपीई म्हणजे सोसायटी ऑफ पेट्रोलियम इंजिनिअर्सचा सहावा कम्पॅरेटिव्ह प्रॉब्लेम १९९० चा, खास ड्युअल पोरॉसिटीचाच आहे, तो स्वतः चालवून बघा, मग ठोकळ्याचा आकार बदला आणि उत्पादन कसं बदलतं ते बघा. इक्विनॉरने २०१८ ला व्होल्व्ह फील्डचा सगळा डेटा खुला केलाय, तो वाळूच्या खडकाचा आहे म्हणजे आपल्या विषयाचा नाही, पण खरा डेटा किती अस्ताव्यस्त असतो ते बघायला बेस्ट.

परीक्षांचं थोडक्यात. एम.एस्सी.ला आयआयटीत जायचं तर जॅम, नंतर गेट, त्यात जिऑलॉजी-जिओफिजिक्सचा जीजी पेपर आहे आणि २०१७ पासून पेट्रोलियम इंजिनिअरिंगचा वेगळा पीई पेपर आहे. पेट्रोलियमसाठी धनबाद, अमेठी जिल्ह्यात जायसचं राजीव गांधी पेट्रोलियम इन्स्टिट्यूट, गांधीनगरचं पंडित दीनदयाल विद्यापीठ, ही नावं तुम्हाला माहिती असतीलच. ओएनजीसीची रिझर्व्हॉयरवर काम करणारी संस्था, इन्स्टिट्यूट ऑफ रिझर्व्हॉयर स्टडीज, अहमदाबादेत आहे, आणि एक्सप्लोरेशनची केडीएमआयपीई देहरादूनला, इंटर्नशिपसाठी विभागप्रमुखांच्या पत्रासह वेळेत अर्ज करा, मार्चमध्ये जाग येऊन मेची इंटर्नशिप मिळत नाही. भरती कधी गेटच्या स्कोअरवर कधी स्वतःच्या परीक्षेवर होते, कुठल्या पदाला कुठली डिग्री चालते ते दर जाहिरातीत नीट वाचा, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या यादीवर जाऊ नका.

आणि हे क्षेत्र चढउताराचं आहे हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. २०१४ नंतर भाव पडले तेव्हा कितीतरी अनुभवी लोक घरी बसले, २० एप्रिल २०२० ला तर अमेरिकन तेलाचा वायदा शून्याच्या खाली, उणे ३७ डॉलरवर गेला. पण फ्रॅक्चर शिकलेला माणूस फक्त तेलावर अवलंबून नसतो, भूजल, जिओथर्मल, बोगदे, सगळीकडं तीच गणितं. आइसलँडमध्ये कार्बफिक्स प्रकल्पात कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून बेसॉल्टमध्ये सोडला, आणि सोडलेल्यातला ९५ टक्क्यांहून जास्त वायू दोन वर्षांच्या आत खनिज होऊन बसला, असं २०१६ ला प्रसिद्ध झालं. डेक्कन ट्रॅपवरही त्या दृष्टीने अभ्यास चालू आहेत, आणि बेसॉल्ट आपल्याकडं किती आहे ते मी सांगायला नको.

तोपर्यंत सोलापुरातच करता येईल असं एक काम सांगते, आणि हे सीव्हीत खरंच उठून दिसतं. शहराच्या आसपास दगडाच्या खाणी भरपूर आहेत. एका खाणीच्या उभ्या भिंतीवर टेप लावा, टेपला छेदणारी प्रत्येक भेग लिहा, अंतर, दिशा, उतार, लांबी, वर-खाली कुठं संपते, आत काय भरलंय, झिओलाइट की कॅल्साइट की माती. याला स्कॅनलाइन म्हणतात. मग दुसरी टेप पहिलीला काटकोनात, आणि दोन्हीचे आकडे किती वेगळे येतात ते बघा. स्टिरिओनेट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे त्यात टाका, भेगांच्या दिशांचा गोल आलेख काढा, त्याला रोज डायग्राम म्हणतात. लक्षात ठेवा की बेसॉल्टमधल्या बऱ्याच उभ्या भेगा लाव्हा थंड होताना पडलेल्या असतात, चुनखडीला घडी पडताना पडणाऱ्या भेगा वेगळ्या, आणि सुरुंगाने पडलेल्या ताज्या भेगा मोजायच्या नाहीत, त्यांच्या पृष्ठभागावर खनिजाचा किंवा गंजाचा थर नसतो. वर दिसणारी रुंदी खोलवर तशीच असेल असंही नाही, वरचं ओझं गेल्यामुळे आणि पावसापाण्यामुळे ती उघडलेली असते, म्हणून तुमच्या रिपोर्टमध्ये रुंदीवर कमी आणि अंतरावर जास्त पानं खर्च करा. खाणमालकाला आधी भेटून परवानगी घ्या, सुरुंग कधी लावतात ते विचारून घ्या, हेल्मेट घाला, भिंतीच्या अगदी पायथ्याशी उभं राहू नका, आणि एप्रिल-मे असेल तर सकाळी दहाच्या आत आटपा, नंतर तो काळा दगड हात लावू देत नाही.